ऋत्विजाचा कसूर

सायंकाळी फडके रस्त्यावर उभे राहून जगातील यच्चयावत माणसांचा निवाडा करण्याची जी वहिवाट डोंबिवलीकरांनी निष्ठेने जतन केली आहे, तिचा मीही एक जुना हक्कदार असल्यामुळे, २०१९ सालच्या पावसाळ्यात तेथे ऐकलेले एक वाक्य अद्याप माझ्या मनातून गेलेले नाही. माझे एक शेजारी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "गोऱ्यांचे पैसे पाण्यात गेले हो!" विषय अजिंक्य रहाणे या भारतीय क्रिकेटपटूचा होता, आणि ज्या गावात तो लहानाचा मोठा झाला, ज्या गावच्या स. वा. जोशी विद्यालयात तो शिकला, त्याच गावाने इंग्लंडातल्या हॅम्पशायरच्या खजिन्याची एवढी काळजी वाहावी, याचे मला प्रथम हसू आले आणि मग थोडे वाईट वाटले.

हकीकत अशी. विश्वचषकाच्या भारतीय चमूत जागा न मिळालेला रहाणे, एडन मार्करम हा दक्षिण आफ्रिकेचा फलंदाज त्याच विश्वचषकासाठी निघून गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेवर, हॅम्पशायर परगण्याच्या संघात परदेशी खेळाडू म्हणून रुजू झाला. त्या संघाकडून खेळणारा तो पहिलाच भारतीय. मे महिन्यात आइल ऑफ वाइट बेटावर नॉटिंगहॅमशायरविरुद्ध खेळलेल्या पहिल्याच सामन्यात दुसऱ्या डावात त्याने ११९ धावा केल्या, आणि पुढे झरा आटावा तसा तो आटला. ७ सामने, १३ डाव, ३०७ धावा. ते एक शतक बाजूला काढून ठेवले, तर उरलेल्या १२ डावांत १८८. त्याच हंगामात त्याच संघातल्या काइल अ‍ॅबट या दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या गोलंदाजाने सॉमरसेटविरुद्ध एका सामन्यात ८६ धावांत १७ बळी घेतले. तुलना करणारा निर्दय असेल, परंतु तुलना खोटी नाही.

दूरदेशाहून द्रव्य मोजून आणलेला खेळाडू फळाला आला नाही, अशी रड इंग्लंडात जुनी आहे, आणि ती सर्वांत मोठ्याने रग्बी लीग या खेळात ऐकू येते. विगन, लीड्स, हल इत्यादी गावांचे क्लब ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून नामांकित गडी आणतात. काहींचे सोने होते, काहींची नावे 'फसलेला सौदा' या सदराखाली पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात. गंमत अशी की, हा खेळ मुळात जन्मला तोच मोबदल्याच्या तंट्यातून. शनिवारी सामन्यासाठी कामावर खाडा करणाऱ्या गिरणी-मजुराला व खाण-मजुराला त्याचा बुडालेला रोज भरून द्यावा की नाही, या वादावरून २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी मूळ रग्बी संघटनेपासून आपली वेगळी चूल मांडली. ज्यांच्या घरात परळ-लालबागच्या भोंग्याची आठवण अजून ताजी आहे, त्यांना खाडा म्हणजे काय आणि बुडालेला रोज म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. खेळ हा खेळासाठीच खेळावा, हे तत्त्व सांगणाऱ्यांचा रोज सहसा बुडत नसतो.

प्रश्न असा आहे की, मोल घेऊन कर्म करणाऱ्याच्या कर्माला फळ आले नाही, तर दोष कोणाचा, आणि त्या दोषाची व्याप्ती कोठपर्यंत? या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडे क्रिकेटच्या कित्येक शतके आधी, यज्ञाच्या निमित्ताने, अत्यंत काटेकोरपणे झालेला आहे. वेदातील कर्मकांडाचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांच्या मते यज्ञात ऋत्विजांना, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांना, दिली जाणारी दक्षिणा हे दान नव्हे. तो परिक्रय आहे, म्हणजे ठराविक मुदतीपुरते श्रम विकत घेणे आहे. आहुती टाकतो ऋत्विज, धुराने डोळे लाल होतात ऋत्विजाचे. परंतु फळ जाते यजमानाला, कारण त्याने ते श्रम मोजून घेतलेले असतात. यात ऋत्विजाचा अपमान नाही आणि यजमानाचा लोभही नाही. करारनाम्याचा हा इतका स्वच्छ विचार वाचला की, आपल्या पूर्वजांना केवळ परलोकच कळत होता असे समजणाऱ्यांची मला कीव येते.

पण फळ न आले तर? न्यायसूत्रांत पूर्वपक्ष करणारा हाच आक्षेप घेतो: पुत्रकामेष्टी यथासांग केली आणि पुत्र झाला नाही, तेव्हा वेदवचन खोटे ठरले. सूत्रकार गौतमाचे उत्तर असे की, वचन खोटे नाही. कर्मात, कर्त्यात किंवा साधनात कोठेतरी वैगुण्य राहिले असले पाहिजे. ही त्रयी हॅम्पशायरच्या मैदानावर जशीच्या तशी नेऊन ठेवता येते. विश्वचषकातून वगळले गेल्याचा सल घेऊन गेलेला माणूस, हे कर्त्याचे वैगुण्य म्हणता येईल. इंग्लंडातील मे-जूनची ओलसर हवा, हिरवट खेळपट्टी आणि टप्पा पडल्यावरही वळण घेणारा ड्यूक चेंडू, हे साधनाचे. मात्र येथे आपण आपल्या गाववाल्याची वकिली फार ताणू नये. कारण २०१४ साली लॉर्ड्सच्या गवताळ खेळपट्टीवर याच रहाणेने १०३ धावा केल्या होत्या आणि तो सामना भारताने जिंकला होता. साधन अनोळखी नव्हते. तेव्हा काही वैगुण्य कर्मातही होते, असे कबूल करणेच प्रामाणिकपणाचे.

तरीही हिशेब मिटत नाही. मीमांसकांनी काम्य कर्मांत आणखी एक सूक्ष्म भेद केला आहे. कारीरी नावाची इष्टी, म्हणजे छोटा यज्ञ, पावसासाठी करतात. करीर नावाच्या काटेरी झुडपाची फळे तिच्यात लागतात. तिचे फळ याच जन्मी, याच हंगामात, पीक उभे वाळण्यापूर्वी मिळाले पाहिजे. पुढच्या जन्मी पडणाऱ्या पावसाचा आज करपणाऱ्या शेताला काय उपयोग? पशुप्राप्तीसाठी करावयाच्या चित्रा इष्टीचे तसे नाही. तिचे फळ येथे मिळेल किंवा अन्यत्र, आज किंवा कालांतराने. कर्म संपले आणि फळ दिसले नाही, तरी मधल्या काळात 'अपूर्व' अथवा 'अदृष्ट' नावाची एक न दिसणारी शक्ती शिल्लक राहते, असे ते मानतात.

माझ्या मते सगळा घोटाळा येथे आहे. परदेशी खेळाडूशी क्लब जो करार करतो, तो कारीरीचा असतो; त्याला पाऊस आत्ता हवा असतो, आणि तो मागण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. फळाची आशा धरू नये, हा गीतेचा उपदेश जो कर्म करतो त्याला आहे. तिकीट काढून पावसाळी थंडीत बाकावर बसलेल्या माणसाला तो ऐकवणे, हा मला धर्माचा दुरुपयोग वाटतो. परंतु खेळाडूने आयुष्यभर केलेली साधना चित्रेच्या जातीची असते. तिच्या फळाची मुदत कोणत्याही करारनाम्यात लिहिता येत नाही, आणि ते कोणाच्या पदरात पडेल हेही नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, हॅम्पशायरहून गेलेल्या रहाणेने अँटिग्वा येथे वेस्ट इंडीजविरुद्ध ८१ आणि १०२ धावा केल्या. पेरणी कोणाच्या शेतात, पाऊस कोणाच्या! पुढे डिसेंबर २०२० मध्ये, अ‍ॅडलेडला ३६ धावांत गारद झालेल्या संघाचे नेतृत्व अंगावर पडल्यावर, मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या, हे मी सांगावयास नको. त्या दिवशी फडके रस्त्यावर पैसे पाण्यात गेल्याची भाषा कोणी केली नाही.

(१९९२ साली क्रेग मॅकडरमॉट जायबंदी झाल्यामुळे एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू झाला, त्याने १०७० धावा केल्या, शतक मात्र एकच. ही रास मोठी की लहान, ते पायली कोणाची यावर आहे.)

रहाणेने मुलाखतींतून सांगितलेली एक आठवण येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. घरची परिस्थिती बेताची. सातव्या वर्षी वडिलांनी त्याला डोंबिवलीतल्याच एका लहानशा शिबिरात, मॅटिंगच्या खेळपट्टीवर, खेळावयास घातले. मैदानापर्यंत रिक्षा परवडत नसे, म्हणून आई एका कडेवर धाकट्याला आणि दुसऱ्या हातात याची किटबॅग घेऊन चालत जाई. पुढे मुंबईला जाण्याची वेळ आली तेव्हा वडील एक दिवस बरोबर आले आणि दुसऱ्या दिवशी डोंबिवली स्थानकावर म्हणाले, आता तुझा तू जा. सकाळच्या लोकलमध्ये आपल्या उंचीएवढी पिशवी घेऊन शिरणारे पोर ज्याने पाहिले आहे, त्याला त्या वाक्याचे वजन कळेल; दारातले लोक आधी पिशवीवर खेकसतात आणि मग पोराला आत ओढून घेतात. वडील पाठीमागच्या डब्यात बसून, तो नीट उतरतो की नाही हे पाहत होते, हे त्याला फार उशिरा कळले. अदृष्ट म्हणजे काय, हे मला ग्रंथापेक्षा त्या मागच्या डब्यावरून अधिक समजते.

त्या पिशवीचे, त्या चालण्याचे मोल हॅम्पशायरने दिलेले नव्हते. त्याने दिले होते ७ सामन्यांचे. तेवढ्या मुदतीत ऋत्विजाचा कसूर झाला, हे मान्य आहे, आणि यजमानाने तसे आपल्या दफ्तरात लिहून ठेवावे. पण दक्षिणेने विकत घेतले जातात ते श्रम, माणूस नव्हे. 'फसलेला सौदा' हे विशेषण सौद्याला लावावे, खेळाडूला लावू नये. आणि ज्यांनी सौद्यात एक पैही घातलेली नाही, त्या आपण फडके रस्त्यावरच्या मंडळींनी तर ते मुळीच उच्चारू नये.

२०२४ साली लेस्टरशायर या दुसऱ्या इंग्लिश परगण्याने रहाणेला परदेशी खेळाडू म्हणून बोलावले. सप्टेंबरमध्ये कार्डिफ येथे ग्लॅमॉर्गनविरुद्ध त्याने १०२ धावा केल्या.