देह ही अमानत : मृत्यूनंतरचा निर्णय कोणाचा?



पूर्वीच्या एका समुदायातील माणसाची हकीकत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या सोबत्यांना सांगितली होती. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती आली आहे. त्या माणसाच्या हातून आयुष्यभर पापेच घडली होती. अंतकाळ जवळ आला तेव्हा त्याने मुलांना बोलावले आणि सांगितले की, मी मेल्यावर मला जाळा, माझे पीठ करा आणि ती राख अर्धी जमिनीवर, अर्धी समुद्रात उधळून द्या. म्हणजे मी अल्लाहच्या हाती लागणार नाही. मुलांनी पित्याचा शब्द पाळला. मग अल्लाहने भूमीला आणि समुद्राला आज्ञा केली, कण न् कण गोळा झाला आणि तो माणूस आपल्या निर्मात्यासमोर उभा राहिला. असे का केलेस, या प्रश्नावर त्याने सांगितले की, तुझ्या भयाने. अल्लाहने त्याला क्षमा केली.

आपल्या देहाचे मृत्यूनंतर काय व्हावे, याचा निर्णय त्या माणसाने स्वतः घेतला होता. त्याचा निर्णय चुकीचा होता; तरीही तो अल्लाहच्या सामर्थ्याबाहेर गेला नाही आणि अल्लाहच्या दयेबाहेरही गेला नाही. या दोन्ही गोष्टी मनात ठेवून आज आपण एका अवघड प्रश्नाकडे वळू. माझ्या मृत देहाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार मला आहे काय? असल्यास तो कुठवर?

मालक नव्हे, विश्वस्त

‘माझे शरीर, माझा अधिकार’ हा आजच्या काळाचा आवडता युक्तिवाद आहे. इस्लामची भूमिका याहून वेगळी आहे. देह आपण कमावलेला नाही आणि विकतही घेतलेला नाही. तो आपल्याकडे अमानत म्हणून सोपवलेला आहे. म्हणूनच आत्महत्या निषिद्ध आहे. म्हणूनच उपासनेच्या नावाखाली शरीराचे हाल करणाऱ्यांनाही प्रेषितांनी (स.) शरीराचा तुमच्यावर हक्क आहे, याची आठवण करून दिली.

वारसा कायद्याकडे पाहिले तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. माणूस मरण पावला की त्याच्या संपत्तीतून आधी दफनाचा खर्च होतो, मग कर्जफेड, मग एक तृतीयांश मर्यादेत वसीयत आणि उरलेले वारसांना. या हिशेबात घर येते, शेत येते, अंगठी येते; परंतु देह कुठेच येत नाही. देह हा तरका नाही. त्याची वाटणी होत नाही, त्याची विक्री होत नाही आणि कर्जापोटी तो कोणी अडवूनही ठेवू शकत नाही. जे आपल्या मालकीचे नाही त्याचे दानपत्र कसे करायचे, हा प्रश्न येथूनच निर्माण होतो.

मात्र विश्वस्ताला काहीच निर्णय घेता येत नाही, असे समजणेही चूक ठरेल. मालकाच्या मर्जीला अनुसरून निर्णय घेणे हेच विश्वस्ताचे काम असते. असे निर्णय आपल्या थोर पूर्वजांनी घेतले आहेत.

दोन खलीफांच्या अंतिम सूचना

हजरत अबू बकर (रजि.) यांनी अखेरच्या आजारपणात आपल्या अंगावरच्या जुन्या वस्त्राकडे पाहिले आणि ते धुऊन, त्यात आणखी दोन वस्त्रे जोडून आपल्याला कफन द्यावे, असे सांगितले. हे तर जीर्ण झाले आहे, असे हजरत आयेशा (रजि.) म्हणाल्या. त्यावर त्यांचे उत्तर असे होते की, नव्या कापडाची गरज मृतापेक्षा जिवंताला अधिक असते. एका विशाल राज्याचा प्रमुख आपल्या देहाविषयी निर्णय घेताना जिवंत माणसांच्या गरजेचा विचार करीत होता.

हजरत उमर (रजि.) जखमी होऊन पडले असताना त्यांची एक इच्छा उरली होती. प्रेषित (स.) आणि अबू बकर (रजि.) यांच्या शेजारी आपल्याला जागा मिळावी, ही ती इच्छा. ती जागा हजरत आयेशा (रजि.) यांच्या घरात होती. उमर (रजि.) यांनी मुलाला पाठवले आणि बजावले की, ‘श्रद्धावंतांचा प्रमुख’ विचारतो असे म्हणू नकोस, उमर विचारतो असे म्हण. आयेशा (रजि.) यांनी ती जागा स्वतःसाठी राखली होती, तरी त्यांनी ती दिली. एवढ्यावर उमर (रजि.) थांबले नाहीत. माझा जनाजा त्यांच्या दारापर्यंत गेल्यावर पुन्हा एकदा परवानगी मागा, त्यांनी नकार दिला तर मला सर्वसामान्य मुसलमानांच्या कब्रस्तानात न्या, असे त्यांनी सांगून ठेवले. हयातीत दिलेला होकार आपल्या पदाच्या संकोचापोटी दिलेला असू नये, एवढी त्यांना काळजी होती.

वाचकहो, आपल्या देहाविषयी इच्छा व्यक्त करणे हे तक्व्याच्या विरुद्ध नाही, हे या दोन प्रसंगांवरून दिसते. त्या इच्छेत दिखावा नसावा, आणि तिच्यामुळे दुसऱ्याचा हक्क मारला जाऊ नये, एवढीच अट आहे.

निर्णय हातात नसतो तेव्हा

गुस्ल, कफन, जनाजाची नमाज आणि दफन हे मृताचे हक्क आहेत आणि ते पार पाडणे हे जिवंतांवर फर्जे किफाया आहे. काही जणांनी ते केले तर सर्वांची जबाबदारी संपते. कोणीच केले नाही तर सारी वस्ती दोषी ठरते. या शब्दांचे वजन आपल्याला २०२० साली कळले. मुंबई महानगरपालिकेने ३० मार्च २०२० रोजी कोविडने मरण पावलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी ते बदलले. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानांतील दफनास काही रहिवाशांनी हरकत घेतली. त्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि सन्मानपूर्वक अंत्यविधीचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. श्रीलंकेत मात्र २०२० च्या एप्रिलपासून २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत दहनाची सक्ती चालली. तान्ह्या बाळाचा देहही त्यातून सुटला नाही. २०२४ साली तेथील सरकारने त्याबद्दल क्षमा मागितली.

परंतु दोष नेहमी दुसऱ्याचाच असतो, असे नाही. त्याच एप्रिलमध्ये मुंबईच्या एका उपनगरात कब्रस्तानात जागा नाकारली गेल्यामुळे एका वृद्ध मुसलमानाचा देह जवळच्या हिंदू स्मशानभूमीत अग्नीच्या स्वाधीन करावा लागल्याची बातमी आपण वाचली. तेथे फर्जे किफाया कोणी बुडवला, याचे उत्तर आपणच आपल्याला द्यायचे आहे.

ज्यांच्या आप्तांना त्या काळात माती मिळाली नाही, त्यांनी आरंभीची हकीकत पुन्हा आठवावी. स्वतःहून राख झालेला माणूस जर क्षमेस पात्र ठरला, तर ज्यांच्यावर अग्नी लादला गेला त्यांच्या आखिरतची चिंता आपण अल्लाहच्या दयेवर सोपवावी. कियामतच्या दिवशी बोटांची टोकेदेखील जशीच्या तशी जुळवली जातील, हे कुरआनने सांगितलेच आहे. दफनाचा आग्रह आपण पुनरुत्थानाच्या सोयीसाठी धरत नाही. तो मानवाच्या सन्मानासाठी आहे.

दोन शेजारच्या आयती

आता सर्वात कठीण भाग. अशी कल्पना करा की, आपला तरुण मुलगा अपघातात जखमी होऊन अतिदक्षता विभागात आहे. डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून त्याचा मेंदूमृत्यू घोषित केला आहे. बाहेरच्या बाकावर आपण बसला आहात आणि कोणीतरी हलक्या आवाजात विचारते की, त्याची मूत्रपिंडे, त्याचे यकृत, त्याचे डोळे आपण देणार का? १९९४ च्या कायद्याने अशा वेळी नातेवाइकांची संमती आवश्यक मानली आहे. उत्तरासाठी वेळ फार थोडा असतो. मुलाची इच्छा काय होती, हे आपल्याला माहीत नसते.

या प्रश्नावर उलेमांत एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच आहे, अशा आशयाची हदीस आहे. मृतदेहाची विटंबना करण्यास प्रेषितांनी (स.) युद्धातही मनाई केली. या आधारावर आणि देह आपल्या मालकीचा नाही या तत्त्वावर मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्या थोर विद्वानांनी अवयव देणे नाजायज ठरवले. भारतातील इस्लामिक फिक्ह अकॅडमीनेही मृत्यूनंतर अवयव देण्याची वसीयत शरीअतच्या दृष्टीने ग्राह्य मानलेली नाही.

दुसऱ्या बाजूला, जिद्द्याच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकॅडमीने १९८८ साली मृताचा अवयव जिवंताला देण्यास अनुमती दिली. त्यासाठी तिने अटी घातल्या. रुग्णाचे जीवन किंवा शरीराचे एखादे मूलभूत कार्य त्या अवयवावर अवलंबून असावे, मृताने हयातीत किंवा नंतर वारसांनी परवानगी दिलेली असावी आणि पैशाचा व्यवहार मुळीच नसावा. या मताला जुन्या फिक्हमध्येही आधार सापडतो. गर्भवती स्त्री मरण पावली आणि तिच्या पोटातील मूल जिवंत असेल, तर तिचे पोट उघडावे काय? हनफी आणि शाफई फुकहांनी याला होकार दिला आहे. मृताचा सन्मान मोठा आहे. पण जिवंताचा प्राण त्याहून मोठा आहे, असा त्यांचा विचार होता.

सूरह अल-माइदाकडे पाहिले म्हणजे या वादातील दोन्ही टोके एकाच ठिकाणी भेटतात. आदमच्या (अलै.) एका मुलाने आपल्या भावाचा खून केला आणि त्या देहाचे काय करावे, हे त्याला कळेना. तेव्हा अल्लाहने एक कावळा पाठवला. कावळ्याने जमीन उकरून दाखवली आणि माणूस दफन शिकला. ही ३१ वी आयत. तिच्या लगेच नंतरच्या ३२ व्या आयतीत एका माणसाचा प्राण वाचवणे हे सर्व मानवजातीचा प्राण वाचवण्यासारखे असल्याचे सांगितले आहे. देह झाकण्याची आणि प्राण वाचवण्याची शिकवण कुरआनने अशी शेजारी शेजारी ठेवली आहे. आपला निर्णय कोणताही असो, त्याने यांपैकी एका आयतीकडे पाठ फिरवता कामा नये.

म्हणून ज्यांना अवयव देणे जायज वाटते त्यांनी देहाची ओढाताण होणार नाही, अवयव काढल्यावर विलंब न करता गुस्ल व दफन होईल आणि कोणताही सौदा होणार नाही, याची खात्री करावी. वैद्यकीय महाविद्यालयाला संपूर्ण देह देणे ही याहून निराळी गोष्ट आहे. तेथे दफन दीर्घकाळ लांबते आणि एखाद्या विशिष्ट रुग्णाचा प्राणही वाचत नाही. म्हणून अवयवदानाला अनुमती देणाऱ्या उलेमांची ती अनुमती देहदानाला आपोआप लागू होते, असे कोणी समजू नये.

आणि ज्यांना अवयव देणे नाजायज वाटते त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. उद्या आपल्या मुलीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, तर आपण प्रतीक्षा यादीत तिचे नाव नोंदवू का? नोंदवणार असू, तर ते मूत्रपिंड कोणत्यातरी मातेने आपल्या मृत मुलाच्या देहातून दिलेले असेल. घेताना जायज आणि देताना नाजायज, अशी सोय आपणच करून घेतली, तर तो फतवा शरीअतचा नाही. तो आपल्या स्वार्थाचा आहे. श्रद्धेपोटी घेण्यासही नकार देणाऱ्या माणसापुढे आपण आदराने मान झुकवू. पण फक्त देण्याच्या वेळी ज्याला शरीअत आठवते, त्याने आपला हेतू तपासावा.

आज करण्याची गोष्ट

ज्याच्याजवळ वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याविना दोन रात्रीही घालवू नयेत, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आपण मात्र जमिनीची कागदपत्रे कपाटात जपतो आणि देहाविषयीचा शब्द अशुभ मानून टाळतो. मग अतिदक्षता विभागाबाहेर भाऊ भावाशी भांडतो.

म्हणून एक कागद घ्या. कोणाचे किती देणे आहे, ते आधी लिहा. कफन साधे असावे, कबरीवर डामडौल नसावा, असे लिहा. दफनात घाई करण्याची शिकवण असताना कोकणातल्या कितीतरी घरांत आखाती देशातून मुलगा येईपर्यंत मय्यत थांबवली जाते. माझ्यासाठी थांबू नका, असे आपणच लिहिले तर मुलाच्या मनावरचे ओझे उतरेल. परदेशात मरण आले तर तिथल्याच मातीत ठेवा, असेही लिहिता येईल. सारी जमीन अल्लाहचीच आहे. अवयवांविषयी आपण ज्या आलिमवर विश्वास ठेवता त्याला विचारा, दोन्ही बाजू समजून घ्या, आणि जो निर्णय होईल तो पत्नीला, पतीला, मुलांना स्पष्ट शब्दांत सांगा. शेवटी एवढे जोडा की, परिस्थितीमुळे यातले काही जमले नाही तर तुमच्यावर माझा रोष नाही.

विश्वस्ताला अमानत परत करायचीच असते. ती कशी परत करायची, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे. अल्लाह आपल्याला ही अमानत स्वच्छ हातांनी परत करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.