लोखंड आणि झरे

मननासाठी : अनुवाद ८:७-१८

इस्राएलास मिळणाऱ्या उत्तम देशाचे वर्णन करताना मोशे प्रथम झऱ्यांचे नाव घेतो, मग धान्याचे व फळांचे, आणि शेवटी लोखंड-तांब्याचे. लोखंड हे देवाचेच दान आहे. परंतु झरेही त्याचेच आहेत.

गोव्यातील डिचोली तालुक्याकडे पाहा. पोर्तुगीज अमदानीत तेथे लोहखनिजाच्या खाणी सुरू झाल्या. बार्जींतून माल मांडवीमार्गे मुरगाव बंदरास व पुढे जपानला जाऊ लागला. शेतीवर कसेबसे भागणाऱ्या घरांत रोख मजुरी आली, मुले शिकली. हा आशीर्वाद आपण नाकारू नये. पण खाणी खोल गेल्या तशा शिरगावच्या विहिरी आटल्या, शेतांत गाळ साचला. पुढे २०१२ साली खाणकाम थांबले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांच्या चुली थंडावल्या. पाणी गेले ते गावाचे, आणि काम गेले तेही गावाचेच.

पेडण्यात मोपाच्या पठारावर २०२२ साली विमानतळ उभा राहिला. तेथेही नफ्याबरोबर झऱ्यांचा हिशेब मांडलाच पाहिजे.

मोशेचा इशारा तृप्त झालेल्यांना आहे. जो संपत्तीचे श्रेय स्वतःच्या हातांना देतो, तो दात्याला विसरतो. आणि दात्याला विसरणारा शेजाऱ्याची विहीरही विसरतो. आपण मालक नव्हे, कारभारी आहोत.

शब्बाथशाळेत हा पाठ घेताना मुलांना एवढेच विचारा : लोखंड कोणाला मिळाले, आणि झरा कोणाचा आटला? प्रभू आपणांस विश्वासू कारभारी करो. आमेन.