फूल चालेल, भेसळ नको

आजचे चिंतन : भगवद्गीता, अध्याय 9, श्लोक 26

सर्वांच्या पाठातला श्लोक. भगवंत म्हणतात, पान, फूल, फळ, नुसतं पाणी, जे कोणी मला भक्तीने देईल ते मी प्रेमाने ग्रहण करतो.

महाशिवरात्रीला मी अंकुशनगरला घरीच होतो. अण्णांना पूजेसाठी धोतऱ्याचं फूल हवं होतं. सकाळी शेताच्या बांधावर गेलो. पांढरा धोतरा कुठे दिसेना. पडीक तुकड्यात मात्र पिवळा धोतरा भरून फुललेला. थंडी सरली की आपल्याकडे सगळं वाळायला लागतं, आणि हा नेमका तेव्हाच रंगात येतो. पाकळ्या रेशमासारख्या, पानांवर पांढऱ्या शिरा आणि टोकाटोकाला काटे. खुडला की पिवळा चीक बोटाला लागतो. चार फुलं काढली, तेवढ्यात हात ओरबाडला.

अण्णा फुलं बघून हसले. "अरे, हा तो धोतरा नव्हे. नुसतं नाव सारखं." खरंच आहे. खरा धोतरा वांग्या-बटाट्याच्या कुळातला, तर हा अफूच्या कुळातला आणि मूळचा मेक्सिकोकडचा. मी ताट मागे घेऊ लागलो, तर म्हणाले, "राहू दे. मनापासून आणलीस ना? वाहा."

मनापासून. तो शब्द मला टोचला, काट्यापेक्षा जास्त.

कारण तीन आठवड्यांपूर्वी माझी नोकरी गेली होती. घरी सांगितलं होतं, "सध्या घरूनच काम आहे." रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसायचो. अण्णा चहा आणून ठेवायचे, आवाज होऊ नये म्हणून टीव्हीसुद्धा लावायचे नाहीत. आणि मी अर्ज पाठवत बसायचो.

त्या दिवशी श्लोक पुन्हा उघडला. इतकी वर्षं मी फक्त पान-फूल-फळ-पाणी एवढंच वाचत होतो, म्हणजे देव स्वस्तात प्रसन्न होतो असं. पण शेवटी एक शब्द आहे, प्रयतात्मा. ज्याचं अंतःकरण शुद्ध आहे तो. वस्तूला अट नाही, देणाऱ्याला आहे.

ह्या फुलाचीच गोष्ट बघा. त्याचं बी काळं, बारीक, मोहरीसारखं दिसतं. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात ह्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. हजारो लोकांच्या अंगावर सूज आली, 60 हून अधिक माणसं दगावली. बी विषारी आहेच, पण बांधावरच्या झाडाने कुणाला फसवलं नव्हतं. ते काटे उघड मिरवतं. मोहरी म्हणून ते विकलं माणसाने.

मीही तेच करत होतो. नोकरी जाणं हे काही पाप नाही. त्या रिकामपणावर 'घरून काम' अशी चिठ्ठी लावून मी तो अण्णांना देत होतो, आणि ते विश्वासाने घेत होते.

अण्णांनी आयुष्य कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलं. उसाची गाडी कुणाचीही असो, काटा दाखवेल तेच लिहायचं, एवढा एकच नियम. त्यांच्या मुलाने स्वतःचं वजन खोटं सांगावं?

संध्याकाळी उपवासाचा फराळ करताना सांगून टाकलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन आठवडे एकट्यानंच वाहिलंस होय रे?" एवढंच. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आले आणि शेजारी बसले. नोकरी अजून मिळालेली नाही. पण आता लॅपटॉप उघडताना छातीत धडधडत नाही.

मित्रांनो, आपण देवाला चांगलं फूल शोधत फिरतो. आज एवढंच करून बघू. हातात जे आहे, काटेरी का असेना, ते आहे तसं समोर ठेवू. देवासमोर ठेवणं सोपं असतं. आधी घरच्या माणसासमोर ठेवून बघा.

राम कृष्ण हरी.