अष्टसात्त्विक भाव : नृत्यशास्त्रात आणि वारीत

भरताच्या नाट्यशास्त्राने अभिनयाचे चार प्रकार मानले आहेत : हात, नजर, मान व पावले यांनी घडणारा आंगिक, शब्द व गायन यांचा वाचिक, वेश, अलंकार व रंगभूषा यांचा आहार्य, आणि चित्त एकाग्र झाल्यावर शरीरावर आपोआप उमटणारा सात्त्विक. पहिले तीन गुरूसमोर बसून शिकता येतात; नाट्यशास्त्रातील 24 असंयुत हस्त, म्हणजे एका हाताच्या मुद्रा, किंवा हातापायांच्या संयोगातून साधणारी 108 करणे सरावाने अंगवळणी पडतात. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू म्हणजे कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय म्हणजे भान हरपणे, हे आठ सात्त्विक भाव मात्र नुसत्या सरावाने येत नाहीत, आणि खरा तात्त्विक पेच येथेच आहे : अश्रू ओढूनताणून आणले तर ते खोटे ठरतात, आणि स्वतःच्या दुःखाने आले तर त्यांना अभिनय म्हणता येत नाही.

अभिनवगुप्ताने हा पेच साधारणीकरणाच्या विचाराने सोडवला. रंगभूमीवरील शोक ना नर्तकीचा असतो, ना प्रेक्षकाचा. माझे-तुझे हा संबंध गळून पडतो आणि उरलेल्या भावाचा आस्वाद म्हणजे रस. शांत हा नववा रस त्याने सर्व रसांच्या मुळाशी मानला, त्यामुळे नृत्यविचार मोक्षविचाराच्या अगदी जवळ आला.

हा विचार खानदेशाला परका नाही. यादवांच्या राज्यात, सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला आणि त्याचा सातवा अध्याय नर्तनाला दिला. तेराव्या शतकातल्या या ग्रंथानंतर त्याच शतकाच्या अखेरीस, परंपरेनुसार 1297 मध्ये, मुक्ताबाई तापीकाठी अंतर्धान पावल्या. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे, आणि ‘अष्टसात्त्विक’ हा नाट्यशास्त्रातला शब्द या मुलखातल्या श्रोत्यांना ग्रंथापेक्षा कीर्तनातूनच अधिक परिचित आहे. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवल्याचा प्रसंग कीर्तनकार सांगतो, तेव्हा पोशाख न बदलता तोच चांगदेव होतो आणि तोच मुक्ताबाई होतो. एकाच नटाने वेश न बदलता सर्व भूमिका वठवण्याच्या या रीतीला शास्त्रात एकाहार्य म्हणतात आणि भरतनाट्यमची नर्तकी पदाचा अभिनय करते तो याच तत्त्वावर. पत्र कोरे असल्याने तेथे वाचिकाला वावच नसतो. कागद उलगडणारा हात आणि थबकलेली नजर यांवरच सारा प्रसंग उभा राहतो.

वारीतल्या पावलीचा विचार याहून कठीण आहे. टाळमृदंगाच्या लयीवर पुढे-मागे पडणारी ती पावले कोणतीही कथा सांगत नाहीत, म्हणून शास्त्राच्या भाषेत ते नृत्त, म्हणजे अर्थनिरपेक्ष शुद्ध अंगचालन, ठरावे. तरीही मुक्ताबाईंची पालखी पंढरीकडे निघते तेव्हा त्याच पावलांतून रोमांच व अश्रू उभे राहतात आणि पाहणारा वेगळा उरत नाही, कारण पाहणाराही पावली खेळू लागतो. प्रेक्षक गृहीत धरणारा रससिद्धान्त येथे अपुरा पडतो, हे मान्य केले पाहिजे. रूप गोस्वामींनी सोळाव्या शतकात भक्तीलाच रस मानले आणि हेच आठ भाव भक्ताच्या ठायी दाखवले, ते याच उणिवेमुळे असावे. सात्त्विकाला चार प्रकारांतला एक म्हणून मोजण्याची पद्धत पाठ्यक्रमाच्या सोयीची आहे. तत्त्वतः तो उरलेल्या तिन्हींची कसोटी आहे.