तिसरा साचा

दोन साचे चालवणाऱ्या विणकराकडे तिसरा साचा द्यायचा, तर त्याला आधी विचारायचे की नाही? १९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्या सुमारे सहा महिने बंद राहिल्या, त्यामागे हा प्रश्न होता.

तोवर विचारण्याची रीतच नव्हती. कामगार भरणारा जॉबर, काढणारा जॉबर, आणि साहेबाचा हुकूम खात्यात आणणाराही तोच. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये सभा भरवून आठवड्याची सुट्टी मागितली. रविवार हाती यायला १८९० उजाडले. पण ते दाराबाहेरून केलेले मागणे होते. कामगाराला आत बोलावून मत घेणे ही वेगळी कल्पना. १९२८ च्या संपाच्या काळात गिरणी कामगार युनियनच्या गिरणी कमिट्या उभ्या राहिल्या आणि साच्यावरचा माणूस स्वतः बोलू लागला. मला त्या फार मोलाच्या वाटतात.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ही कल्पना कागदावर आणली. शंभर किंवा अधिक कामगार असतील तिथे सरकार वर्क्स कमिटी नेमायला सांगू शकत होते; तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसावेत. हेतू सलोख्याचा. मग १९५९ च्या भारतीय श्रम परिषदेने विषय वाटून दिले. हवा, उजेड, पिण्याचे पाणी, कँटीन हे कमिटीचे. वेतन, बोनस, कामाचा बोजा हे तिच्या कक्षेबाहेरचे. दमट, कोंदट खात्यात आठ तास उभे राहणाऱ्याला हवा-पाणी क्षुल्लक नसते. तरी तिसरा साचा पुन्हा दाराबाहेरच राहिला.

ही वाटणी मालकांनी एकट्याने केली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कमिटी आपली जागा घेईल ही धास्ती युनियनांनाही होती, आणि ती खोटी नव्हती. बंगालमधल्या नॉर्थब्रुक ज्यूट कंपनीत कामाच्या फेररचनेला वर्क्स कमिटीने संमती दिली, युनियनचा मात्र विरोध होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सांगितले की कमिटीची संमती कामगारांवर बंधनकारक नाही. निर्णय मला पटतो. आधी ठरवायचे आणि मग चार सह्या घ्यायच्या, ही सल्लामसलत नव्हे. खात्यातल्या माणसाला हा फरक पहिल्याच बैठकीत कळतो आणि पुढच्या बैठकीत तो तोंड उघडत नाही. व्यवस्थापन त्याला मग उदासीन म्हणते.

मुंबईच्या गिरणी कामगारांचा १९८२ चा संप पगार-बोनसचा म्हणून आठवला जातो. पण मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार एकाच मान्यताप्राप्त युनियनला बोलणी करता येत, आणि हजारो कामगारांचा विश्वास तिच्यावर उरला नव्हता. आमच्या वतीने कोण बोलणार हे आम्ही ठरवू, ही मागणीही त्या संपात होती. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत वर्क्स कमिटी कायम आहे. तिने काय करावे, याचे शब्दही जवळपास १९४७ चेच: सलोखा राखावा, मतभेद मिटवण्याचा प्रयत्न करावा, सामाईक हिताच्या बाबींवर अभिप्राय द्यावा. तो निर्णयाआधी मागावा, असे तिथे लिहिलेले नाही.