संग्रह की परिग्रह?

दशलक्षण पर्वाच्या नवव्या दिवशी उत्तम आकिंचन्य धर्मावर प्रवचन असते. ‘माझे असे काहीच नाही’ हा त्या दिवसाचा गाभा. आपण बायका ते मनापासून ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन ज्या कपाटाला हात लावतो, ते उघडताना आधी दार गुडघ्याने दाबून धरावे लागते, नाहीतर आतले सगळे अंगावर येईल! हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट आहे खरी. पण त्या कपाटात नुसती हाव भरलेली असते का? आजीची अडकित्ता-पेटी असते, लग्नातला तांब्या असतो, हाताने लिहिलेली पूजेची वही असते. हे ठेवणे पाप आणि मोडीत घालणे पुण्य, असे कुणी म्हटले तर माझे मन मानत नाही. मग जपणूक कुठे संपते आणि परिग्रह कुठे सुरू होतो?

हा प्रश्न मला नव्याने पडला तो माझ्या भाचीमुळे. ती नोकरीनिमित्त इटलीत, मिलान शहरात असते. तिला मारिनो मारिनी या शिल्पकाराच्या छापचित्रांचा नाद लागला आहे. हा गृहस्थ १९०१ मध्ये पिस्तोइया गावी जन्मला आणि १९८० मध्ये वारला. घोडा आणि घोडेस्वार हा त्याचा जन्मभराचा विषय. ब्राँझमध्ये तोच, छापचित्रांतही तोच. सुरुवातीचे त्याचे स्वार शांत, ताठ बसलेले. महायुद्धानंतर मात्र घोडा मान ताणून बिथरलेला आणि स्वार मागे कलंडून पडायच्या बेतात. भाचीने अशी चार छापचित्रे घेतली आहेत. पाचवे घ्यायचे मनात आले, तेव्हा तिने फोनवर विचारले, “मावशी, तू एवढं वाचतेस. सांग बरं, हा परिग्रह झाला का गं?”

“पैसा तुझा, भिंत तुझी, मला काय विचारतेस?” असे म्हणून सुटता आले असते. पण पोरीने धर्माची कसोटी मागितली होती. कोगनोळीच्या घरात बसून मी तिच्या घोडेस्वारांचा विचार करू लागले.

आपल्या शास्त्रात परिग्रह दोन प्रकारचा सांगितला आहे. बाह्य दहा प्रकारचा : शेत, घर, चांदी, सोने, पशुधन, धान्य, दासी, दास, वस्त्रे आणि भांडी. अंतरंग चौदा प्रकारचा : मिथ्यात्व, क्रोधादी चार कषाय आणि हास्य-रती-भय वगैरे नऊ नोकषाय. या यादीत मला नेहमी एक गोष्ट खुणावते. बाहेरच्या दहांत आपली भांडीसुद्धा मोजली आहेत, पण आतल्यांची संख्या त्याहून मोठी आहे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या करताना वस्तूचे नावच घेतले नाही, ‘मूर्च्छा’ हा शब्द वापरला. वस्तूपायी शुद्ध हरपणे म्हणजे परिग्रह. म्हणून तर भरत चक्रवर्तीची कथा आपण सांगतो. सहा खंडांचे राज्य भोगूनही तो आतून अलिप्त होता, आणि दीक्षा घेताच अंतर्मुहूर्तात त्याला केवलज्ञान झाले.

पण भरताचा दाखला फार सोयीचा आहे, हेही म्हटले पाहिजे. ज्याला त्याला वाटते, मी भरतच! “आमचं कशात मन नाही हो,” असे म्हणत तीन मजली घर बांधणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. नुसत्या भावावर सोडले तर माणूस स्वतःला फसवतो. म्हणून श्रावकाला पाचवे अणुव्रत दिले ते आकड्याचे : परिग्रह-परिमाण. इतके, याहून जास्त नाही. भाव आत तपासायचा आणि आकडा बाहेर पाळायचा. दोन्ही हवेत.

आता आकड्याची गोष्ट निघाली म्हणून छापचित्राचे सांगते. छापचित्र म्हणजे चित्राची नक्कल नव्हे. कलावंत स्वतः दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर काम करतो आणि त्यावरून कागदावर ठसे काढतात. प्रत्येक ठसा अस्सलच. खाली पेन्सिलीने आकडा घालतात, समजा १२/५०. म्हणजे पन्नासांतला बारावा. पन्नास झाले की पत्र्यावर रेघोट्या मारून तो रद्द करायची रीत आहे, म्हणजे एक्कावन्नावा निघू नये. हे वाचले तेव्हा मी थबकले. हीसुद्धा मर्यादाच की! पण आपल्या परिमाण-व्रताहून अगदी उलट्या तोंडाची. व्रतातली मर्यादा मी माझ्यावर घालते, इतरांना उरावे म्हणून. इथली मर्यादा इतरांवर पडते, माझ्याजवळच्याचे मोल वाढावे म्हणून.

याच्या शेजारी आपल्याकडचे उदाहरण ठेवून बघा. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथेही दगडावरूनच छपाई होत असे, एकेका रंगासाठी वेगळा दगड. पण हेतू निराळा होता. राजवाड्यातले तैलचित्र ज्याला परवडत नाही, त्याच्या घरी लक्ष्मी-सरस्वती पोहोचाव्यात. आणि त्या पोहोचल्या, अगदी आपल्या सीमाभागातल्या कौलारू घरांतल्या खुंटीपर्यंत. तीच दगडछपाई. एका ठिकाणी ‘थोड्यांनाच मिळो’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सगळ्यांना मिळो’. वस्तू तीच असली तरी तिच्या भोवतीची इच्छा तिला परिग्रह करते किंवा करीत नाही.

म्हणजे गोळा करणारा प्रत्येक जण दोषी? तसे म्हणायला मी तयार नाही, आणि त्याला कारण पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकर (१८९६-१९९०) म्हणजे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे कवी. त्यांनी जन्मभर हिंडून सुमारे २० हजार वस्तू जमवल्या. काय जमवले? दिवे, अडकित्ते, दौती, पानाचे डबे, स्वयंपाकघरातली भांडी, फण्या, वाद्ये. ज्या वस्तूंना बायकांचे हात लागून त्या झिजल्या, आणि ज्यांना कुणी ‘कला’ म्हटले नव्हते, त्या! त्यांचा मुलगा राजा बालवयात गेला. संग्रहालयाला त्यांनी त्याचे नाव दिले आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एवढे सोडणे सोपे नसते. एक जुनी पैठणी सुनेच्या हाती देताना आपला जीव कसा होतो, ते आठवा. ज्याने वीस हजार वस्तू हाताने पुसल्या, त्याने ‘माझे’ हा शब्द वीस हजार वेळा सोडला असेल.

औंधचेही तसेच. सातारा जिल्ह्यातल्या त्या छोट्या गावी पंतप्रतिनिधी भवानराव, म्हणजे बाळासाहेब, यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभे केले. स्वतः चित्रकार असलेला हा राजा. तिथे हेन्री मूर या इंग्लंडच्या आधुनिक शिल्पकाराचे आई-मुलाचे शिल्प आहे. मिलानच्या भिंतीवरचा घोडेस्वार भाचीचे पाहुणेच बघणार, पण औंधची ती आई यमाईच्या दर्शनाला आलेली कुणीही बाई बघू शकते. डोक्यावर पदर घेऊन, कडेवर पोर घेऊन. याच राजाने १९३९ मध्ये आपल्या प्रजेला राज्यकारभाराचे अधिकारही देऊन टाकले. चित्रे आणि सत्ता दोन्ही मुठीतून सोडणारा माणूस एकच होता, हा मला योगायोग वाटत नाही.

आणि मूर्तीची मालकी म्हणाल, तर श्रवणबेळगोळ आहेच. बाहुबलींच्या ५८ फुटी मूर्तीच्या पायाशी मराठीत लेख कोरला आहे. मूर्ती चामुंडरायांनी करवली, असे तो सांगतो. शिल्पकाराचे नाव त्यात नाही. आपल्या जिनमंदिरांतल्या धातूच्या मूर्तींच्या पाठीवरही पुष्कळदा संवत असते, दात्याचे नाव असते, घडवणाऱ्याचे नसते. मारिनीच्या कागदावर कर्त्याची सही नसेल तर बाजारात किंमत पडते. मला दोन्हींत काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. ज्या हातांनी तो शांत चेहरा दगडातून काढला, त्या हातांना आपण विसरलो, हे बरे नाही झाले. पण एक खरे, की त्या मूर्तीला मालक नाही. लाखांनी दर्शन घेतले तरी माझ्या वाट्याचे दर्शन कमी होत नाही. जी गोष्ट वाटल्याने कमी होत नाही, ती कुलपात ठेवायचे कारण काय, हे स्वतःला विचारले पाहिजे.

भाचीला मी जे सांगितले ते असे. “बाई गं, चित्र घेण्यात दोष नाही. पण तीन गोष्टी बघ. ते चित्र नजरेआड झाले तर तुझी झोप उडते का? पाचवे घेण्याआधी ‘किती पुरे’ हा आकडा तू ठरवला आहेस का? आणि तुझ्यामागे ते कुठे जाणार, हे लिहून ठेवले आहेस का? तिन्हींची उत्तरे नीट असतील तर तो संग्रह. नसतील तर तो स्वार आणि तू, दोघेही घोड्यावरून पडायच्या बेतात आहात.” ती हसली. पाचवे घेतले की नाही, ते मी विचारलेले नाही. व्रत ज्याचे त्याने घ्यायचे असते.

हा प्रश्न मिलानचा नाही, आपला आहे. आपल्या गावांतून जुनी देवळे पाडून संगमरवरी होत आहेत. कोरीव लाकडी खांब, समया, हस्तलिखित पोथ्या यांचे काय करायचे ते कुणालाच ठाऊक नसते. मोडवाला वजनावर नेतो, आणि उद्या तीच वस्तू शहरातल्या एखाद्या दिवाणखान्यात शोभेला बसते. ‘आम्हाला मोह नाही’ म्हणून टाकून देणे, याला मी अपरिग्रह म्हणणार नाही. ती बेफिकिरी आहे. आपल्या चार दानांत शास्त्रदान आहे. पोथी जपून योग्य हाती देणे हे दान; ती वाळवीला देणे नव्हे.

तेव्हा येत्या चातुर्मासात एक काम करू या. घरातल्या जुन्या वस्तू काढा, पुसा आणि एका वहीत त्यांची नावे लिहा. प्रत्येकीसमोर तीन ओळी : ही कुणाची, कशासाठी वापरत, आणि माझ्यानंतर ही कुणाकडे जावी. मंदिरातल्या वस्तूंचीही अशीच वही महिला मंडळाने करावी. तिसरी ओळ लिहिताना हात अडखळेल. कुठल्या वस्तूपाशी अडखळला, तेवढे लक्षात ठेवा.