गाणें आणि गाणारी

आमच्या आजीपाशीं किल्लीचा एक ग्रामोफोन होता आणि केसरबाई केरकर यांची एक तबकडी होती. ती लागली म्हणजे आजी हातांतलें निवडणें बाजूला ठेवीत असे. "या बाईंना तूं हळदीकुंकवाला बोलावलें असतेंस का?" असें मीं एकदां पोरवयांत विचारलें. आजीनें उत्तर दिलें नाहीं. सुई उचलली व पेटी बंद केली. त्या न दिलेल्या उत्तराचा विचार येथें करावयाचा आहे.

स्वराला जात नाहीं, असें आपण फार सहज म्हणतों. तें खरेंही आहे. पण स्वर ज्या बैठकीवर बसून लावावयाचा त्या बैठकीला जात असते. जयपूर-अत्रौली घराणेंच घ्या. अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे मुसलमान उस्ताद. त्यांना आश्रय कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. त्यांच्या विद्येचे वांटेकरी त्यांचे पुत्र मंजीखाँ व भुर्जीखाँ. भास्करबुवा बखले ब्राह्मण. केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर गोमंतकांतील कलावंत समाजांतल्या, देवळांच्या सेवेशीं बांधलेल्या घराण्यांतल्या. आणि खाँसाहेबांच्या पुत्रांपाशीं शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर कानडी मुलखांतील लिंगायत. एवढीं माणसें त्या काळीं एका पंक्तीला कोणी बसविलीं नसतीं. एका तानेंत मात्र तीं सहज बसलीं.

येथें कोणी म्हणेल कीं, आपण कला घ्यावी, कलावंताच्या घरची चौकशी कशाला? युक्तिवाद गोड आहे. परंतु तो नेहमीं घेणाराच करतो. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें आणि पुढें घरंदाज मुलामुलींना गाण्याची वाट मोकळी झाली, या उपकाराला मोल नाहीं. पण 'गाणें आतां सभ्य झालें' असें म्हणतांना, पूर्वीं तें ज्यांच्या घरीं जिवंत राहिलें त्या असभ्य होत्या, हा निवाडा आपण न बोलतां करून टाकला. कर्ज फेडावयाचें नसलें म्हणजे सावकाराचें चारित्र्य काढावें, त्यांतलाच हा प्रकार! हिराबाई बडोदेकर तिकिटें लावून जाहीर जलसे करूं लागल्या, तेव्हां त्यांचें नुसतें गाणें पुरेसें झालें नाहीं. वेष, बसणें, बोलणें, सगळ्यांतून कुलीनता दिसावी लागली. पुरुष गवयाचें व्यसनसुद्धां कलावंताची लहर ठरत असे.

केसरबाईंनीं ध्वनिमुद्रणें फारशीं होऊं दिलीं नाहींत. त्यांना कित्येक जण गर्विष्ठ म्हणत. मला तो गर्व वाटत नाहीं. जिला समाज आदर उधार देतो तिनें आपल्या विद्येचें मोल आपणच ठरविलें, तर त्यांत चुकलें काय? आणि तीच विद्या त्यांनीं पुढें कोल्हापूरच्या ब्राह्मण घरांतील धोंडूताई कुलकर्णींना दिली. देतांना त्यांनीं जात पाहिली नाहीं.

१९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरील निवडक संगीत अंतराळांत गेलें. त्यांत केसरबाईंची भैरवी होती. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्या वारल्या. आजी तेव्हां हयात होती. बातमी मीं तिला वाचून दाखविली. तिनें ऐकून घेतलें आणि केसरबाईंच्या घरीं कोण कोण आहेत, तें विचारलें. इतक्या वर्षांत तिनें हें कधीं विचारलें नव्हतें.